मगदुमांचा गूळ आणि अंड्याची टरफलं

भोगावतीच्या काठावर मगदुमांचं गुऱ्हाळ लागलं, की त्याचा वास पायवाटेनं गावात शिरतो, देवळाला वळसा घालतो आणि झोपलेल्या माणसाच्या उशाशी येऊन बसतो. तो वास नाकात घेऊन चारुदत्त मगदूम वाढला, शिकला, कस्टममध्ये अधिकारी झाला आणि बदल्यांच्या वाऱ्यावर उडत उडत कोलकात्याला, खिदिरपूरच्या गोदीत येऊन पडला. गाव मागं राहिलं, भाषा घरापुरती उरली, पण गूळ काही सुटला नाही. दर हिवाळ्यात थोरला भाऊ दिलीप ढेपा पाठवायचा आणि त्या सोडवून आणायला चारुदत्त स्वतः हावड्याला जायचा. शिपायाला त्यानं कधी पाठवलं नाही. माहेरवाशीण घरी आणावी तशी तो ढेप टॅक्सीत शेजारी बसवून, पूल ओलांडून घरी आणायचा.

गोदीत परदेशातून माल उतरतो. पोत्यांतून, पिंपांतून, खोक्यांतून. त्याचा नमुना काढायचा, पुडीत बांधायचा, लाखेचं सील मारायचं, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या आणि पुडी प्रयोगशाळेकडं पाठवायची, हे चारुदत्तचं काम. त्यात त्याचा हात असा बसला होता, की पोत्यावर हात ठेवला की निकाल मनात तयार व्हायचा. प्रयोगशाळेचा कागद यायचा तो नुसती मान डोलवायला. बहुतेक वेळा चारुदत्तचंच खरं निघायचं. आणि ज्याचं बहुतेक वेळा खरं निघतं, त्या माणसाला एक खोड लागते. उरलेल्या वेळा त्याला आठवत नाहीत.

त्याच्या समोरच्या टेबलाशी श्यामसुंदर दत्ता बसायचे. त्यांना सगळे श्यामदा म्हणायचे. थंडी पडून बाजारात खजुराचा गूळ आला, की या दोघांत रोज दुपारी लढाई जुंपायची.

"मोगदूमदा, गूळ म्हणजे खजुराचा. नोलेन गूर! बाकी सगळा गुरांचा खुराक."

"झाडाला खाच पाडली की टपटप गळतं ते तुमचं. आमचा ऊस चरकातून जातो, काहिलीत उकळतो, गुळव्याच्या नजरेखाली निवतो. त्याला संस्कार लागतात, श्यामदा."

"बरं. संस्कार तुमच्याकडे ठेवा, चव आमच्याकडे राहू द्या."

ही लढाई वर्षानुवर्षं अशीच गोड चालली असती. पण त्या हिवाळ्यात नूपुरची दाढ किडली.

नूपुर म्हणजे चारुदत्त आणि मीनाक्षीची एकुलती एक. सातवीत होती. जन्म कोलकात्याचा, त्यामुळे बंगाली तिच्या जिभेवर नाचायची आणि मराठी पाहुणीसारखी अंग चोरून बसायची. दातांच्या दवाखान्यातून दाढ भरून घेऊन ती घरी आली, गालाला हात लावून सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी तर चॉकलेट खातच नाही. तुम्ही देत नाही. मी गूळच खाते. मग माझा दाढ कसा खराब झाला?"

"गुळानं नाही," चारुदत्त पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

"मग कशानं?"

"कशानंही. गुळानं नाही."

पोरीनं तो प्रश्न दाढेतल्या चांदीखाली पुरून टाकला नाही. शाळेत नाताळच्या सुट्टीआधी विज्ञान मेळावा होता. त्यासाठी तिनं यामिनीमिसकडं आपला विषय सांगून टाकला: कोणत्या गोडानं दात किडतो? यामिनी सेन या विज्ञानाच्या बाई. विषय ऐकून त्यांनी एकच अट घातली. "प्रयोग तुझा हवा, नूपुर. मेळाव्यात मी दरवर्षी आईवडिलांचे प्रयोग बघते. या वर्षी एखाद्या मुलीचा बघायची इच्छा आहे."

घरी येऊन नूपुरनं हे जसंच्या तसं सांगितलं. चारुदत्त हसला, म्हणाला, "अर्थात तुझाच," आणि तिच्या हातातून कागद घेऊन प्रयोग आखायला बसला.

दात म्हणून अंड्याची टरफलं घ्यायची, कारण दोन्हीत चुना. पाच बाटल्या. एकीत नुसतं पाणी, एकीत साखर, एकीत मगदुमांचा गूळ, एकीत नोलेन गूर, आणि एकीत मधुमेहवाले चहात टाकतात ती गोळी, जिच्यात गोडी असते पण साखर नसते. नोलेन गूर श्यामदांनी स्वतःच्या घरून आणून दिला, वर बजावलं, "पंच तुम्ही, खेळाडू तुम्ही, मैदानही तुमचं. पण माझ्या गुळाला पाणी सारखं द्या, एवढंच." चारुदत्तनं प्रत्येक बाटलीच्या बुचाला लाखेचं सील मारलं आणि नूपुरची सही घेतली. दुसऱ्या बाजूची सही हवी म्हणून मीनाक्षीला स्वयंपाकघरातून बोलावलं.

"अहो, कणकेचा हात आहे."

"अंगठा चालेल."

आठवडाभर बाटल्या कपाटावर उभ्या राहिल्या. मग चारुदत्तनं सील फोडलं, गुळाच्या बाटलीतलं टरफल काढलं, उजेडात धरलं, नखानं वाजवून पाहिलं. टणक! जसं कोंबडीनं दिलं तसं.

"मीनाक्षी! ये, बघ! गुळानं दाताला ढिम्म होत नाही. सिद्ध झालं."

त्यानं त्याच क्षणी दिलीपदादाला फोन लावला. दिलीपचंही घोडं नेमकं याच दिवसांत गंगेत न्हायचं होतं. ढेपा विकायचे दिवस गेले, शहरातले लोक छोट्या खोक्यातला गूळ घेतात, खोक्यावर चार शहाण्या गोष्टी छापलेल्या लागतात, असं त्याला कुणीतरी पटवलं होतं. खोकी छापायला टाकायची होती आणि शहाण्या गोष्टी कमी पडत होत्या.

"दादा, लिहून घे. दातांना अपाय नाही. कोलकात्यात सिद्ध."

"कोलकात्यात? म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेत?"

"शास्त्रीय पद्धतीनं," चारुदत्त म्हणाला. कपाट हा शब्द त्यानं गाळला.

"फोटो पाठव. पोरगी मेळाव्यात उभी आहे, मागं फलक आहे, असा. तो खोक्यावर टाकतो. आख्ख्या तालुक्यात असं खोकं नाही!"

दुसऱ्या दिवशी चारुदत्तनं ऑफिसातून येताना फलक छापायला दिला. चांगला दोन हात लांब फ्लेक्स, उसाच्या हिरव्या रंगाचा, वर इंग्रजीत सोनेरी अक्षरं: गूळ हा दातांचा मित्र. खाली हसणारी दाढ, तिच्या हातात गुळाची ढेप. दाढेला हात कुठून आले, हे छापणाऱ्यानं विचारलं नाही. फ्लेक्स घरी येऊन भिंतीला टेकला, तेव्हा नूपुर शाळेतून आली. तिनं तो खालीवर वाचला. मग तिनं उरलेल्या चार बाटल्या उघडल्या. चारुदत्तनं त्या उघडल्याच नव्हत्या. त्याचं काम गुळापाशी संपलं होतं.

"बाबा, साखरेचा पण काही नाही झाला."

"साखरेचं आपल्याला काय करायचंय?"

"नोलेन गूरचा पण नाही झाला. कशाचाच नाही झाला. म्हणजे साखर पण दाताचा मित्र?"

गोदीत कधी कुणी त्याला न फोडलेल्या पुडीबद्दल विचारलं नव्हतं.

"तोंडात जंतू असतात, बाबा. ते गोड खातात आणि आंबट सोडतात. त्या आंबटानं दात किडतो. यामिनीमिसनी शिकवलंय. आपल्या बाटलीत जंतूच नाहीत. जेवण वाढून ठेवलाय, जेवणारा कोणीच नाही."

"मग आणू जंतू. कुठं मिळतात?"

नूपुरनं स्वयंपाकघराकडं बघितलं.

आता मीनाक्षीच्या विरजणाबद्दल सांगायला हवं. ती नागपूरहून लग्न होऊन आली तेव्हा स्टीलच्या डबीत आईच्या घरचं विरजण घेऊन आली होती. प्रत्येक बदलीला ती डबी तिच्या मांडीवर बसून प्रवास करायची. कोलकात्यात शेजारणींनी मातीच्या भांड्यातलं गोड लालसर दही आणून दिलं की ती तोंडभर कौतुक करायची, आणि दार लागलं की ते वाटीत वेगळं ठेवायची. आपल्या दह्याला परका चमचा लागू द्यायचा नाही, हा त्या घरातला एकमेव धर्म होता.

"आई, दह्यात जंतू असतात ना? तेच पाहिजेत. वरचं पाणी दे, प्रत्येक बाटलीत एक चमचा."

"जंतू? माझ्या विरजणात?" मीनाक्षीच्या हातातला झारा वर गेला. "चार गावांचं पाणी प्यायलं ते विरजण, एकदा नासलं नाही. त्याला तू कीड म्हणतेस?"

"कीड नाही गं. कामगार."

"चांगले कामगार," चारुदत्तनं री ओढली. मनात त्याला खात्री होती, की नागपूरचे जंतूही कोल्हापूरच्या गुळाला हात लावणार नाहीत.

"तुमच्या गुळासाठी माझं दही नासवायचं, आणि वर तुमचा गूळ जिंकायचा. छान!" असं म्हणत तिनं डबी पुढं केली. पण चमचा तिनं स्वतःच्या हातानं बुडवला.

या वेळी सील नव्हतं. नूपुरनं चारुदत्तला बाटल्यांना हात लावू दिला नाही. थंडी होती म्हणून तिनं त्या फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवल्या आणि रोज शाळेतून आल्यावर त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची. चारुदत्त ऑफिसातून यायचा तो बूट काढण्याआधी त्या कोपऱ्याकडं बघायचा. साखरेची बाटली गढूळली. नोलेन गूरच्या तोंडाशी फेस आला. आणि एके संध्याकाळी दार उघडताच त्याच्या नाकात एक वास शिरला. आंबूस, गोडसर, उग्र. गावच्या ओढ्यापलीकडं, जिथं पोलीसपाटील मुद्दाम जात नसे, तिथून असा वास यायचा.

मगदुमांचा गूळ आंबला होता. नुसता आंबला नव्हता, त्याच्या अंगात आलं होतं. बाटलीचं बूच उडून पलीकडं पडलं होतं आणि फेस जमिनीवर उतरून मुक्कामाच्या जागेचा शोध घेत होता.

नूपुरनं शाळेतून आणलेला लिटमसचा कागद त्यात बुडवला. कागद लाल झाला. तिनं टरफल काढलं आणि बोटांत धरलं. त्यावर पांढरट खवले आले होते. तिनं हलकंच दाबलं. ते बिस्किटासारखं मोडलं.

साखरेचं तसंच मोडलं. नोलेन गूरचं तसंच. साध्या पाण्यातलं आणि गोळीतलं टरफल मात्र टणक राहिलं, थोडं निस्तेज, एवढंच.

"नमुना दूषित झाला असणार," चारुदत्त म्हणाला.

"सगळ्यात एकच दही आहे, बाबा."

"फेरतपासणी करावी लागेल."

तिनं फेरतपासणी केली. तेच झालं. चारुदत्तनं मग भाषा बदलली. टरफल मोडलं खरं, पण 'स्वाभाविकपणे' मोडलं, असं म्हणता येईल. गुळात लोह असतं, ते वर लिहावं, दाताचं खाली, लहान अक्षरात. फलक छापून झाला आहे, त्याखाली शुद्धिपत्रक लावता येईल. नूपुर ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, माझा दाढ पण 'स्वाभाविकपणे' किडला का?"

चारुदत्तनं पेपर उघडला. आणि गावाकडं खोकी छपाईला जायची होती. दिलीपदादा रोज सकाळी फोन करायचा. फोटो कधी? मराठी मंडळातल्या लोकांनाही चारुदत्तनं मेळाव्याचं आवतण दिलं होतं. कोलकात्यातली मोजकी मराठी घरं, संक्रांतीच्या तिळगुळाला सगळी मगदुमांचाच गूळ घ्यायची. त्यांच्यासमोर गूळ साखरेच्या पंगतीत बसवायचा म्हणजे भाऊबंदांत नाक कापून घेणं. पोरीला खोटं बोल असं तो म्हणू शकत नव्हता. तितका तो वाईट माणूस नव्हता. खरं बोल असंही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. तितका मोठाही नव्हता. म्हणून मेळाव्याच्या सकाळी त्यानं अधिकारी करतात ते केलं. काहीच न बोलता फ्लेक्स गुंडाळला, काखेत घेतला आणि शाळेत जाऊन नूपुरच्या टेबलामागं बांधून टाकला.

शाळेचं सभागृह गजबजलं होतं. एका टेबलावर कागदाच्या लगद्याचा ज्वालामुखी फुसफुसत होता, त्याचे वडील बाजूला घाम पुसत उभे होते. एका टेबलावर यंत्रमानव होता, त्याच्या आईला तो कसा चालतो हे पाठ होतं, मुलाला नव्हतं. आणि भिंतीशी, सोनेरी अक्षरांच्या आणि हसऱ्या दाढेच्या खाली, नूपुर आपल्या पाच बाटल्या आणि पाच बशा मांडून उभी होती. तीन बशांत चुरा, दोन बशांत टरफल. तिनं मागं वळून फलकाकडं एकदा पाहिलं, मग बापाकडं पाहिलं आणि बशा सरळ केल्या.

मंडळातली चार माणसं आली. फलक वाचून त्यांनी माना डोलावल्या आणि बशांकडं न बघता चारुदत्तचं अभिनंदन केलं. श्यामदाही आले होते. त्यांनी बशा पाहिल्या, फलक पाहिला, पुन्हा बशा पाहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मोगदूमदा, आपण दोघं बरोबरीनं मेलो. पण तुमच्या थडग्यावर अभिनंदन लिहिलंय."

परीक्षक म्हणून दातांच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या होत्या. यामिनीमिस त्यांच्याबरोबर होत्या. बाईंनी चष्मा वर करून फलक वाचला, चष्मा खाली करून बशा पाहिल्या. चिमटीत चुरा घेतला, वास घेतला, भुवया उंचावल्या.

"हे काय आहे, बाळ? वर एक सांगतंय, खाली एक दिसतंय. खरं कुठलं?"

नूपुरनं ओठ चावला. तिचे कान लाल झाले होते. सातवीतल्या मुलीला बापाला खोटं पाडायला लावू नये, हे चारुदत्तला त्या क्षणी कळलं. पण नेहमीसारखं जरा उशिरा. ती बोलून गेली होती.

"वरचं बाबांचं आहे," ती म्हणाली. "खालचं माझं."

आजूबाजूचे लोक हसले. ज्वालामुखीचे वडील सगळ्यांत मोठ्यानं हसले. यामिनीमिस हसल्या नाहीत. त्या चारुदत्तकडं बघत राहिल्या.

चारुदत्त पुढं झाला. त्यानं खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि सुतळीची गाठ सोडायला लागला. गाठ त्यानंच मारलेली, गोदीतली, सुटता सुटेना. मंडळातल्या एका काकांनी खालून विचारलं, "अरे, मगदूम, काय करतोस?"

"फलक चुकलाय," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हे वाक्य 'कदाचित' न लावता म्हटलं होतं.

फ्लेक्स उलटा करून त्यानं पुन्हा बांधला. मागची बाजू पांढरी, कोरी होती. खिशातलं मार्कर काढून त्यानं नूपुरला दिलं आणि खुर्ची धरून उभा राहिला. ती खुर्चीवर चढली आणि तिनं जे पाहिलं होतं ते वाकड्या अक्षरांत लिहून काढलं. साखर, उसाचा गूळ, खजुराचा गूळ: तिन्हींत टरफल मोडलं. परीक्षकबाई तोवर थांबून राहिल्या.

"हा उसाचा गूळ कुठला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या काकांचा. मला वाटत होतं हा जिंकेल," नूपुर म्हणाली. "मला आवडतो. मी अजून खाते."

पहिलं बक्षीस ज्वालामुखीला गेलं. नूपुरला उत्तेजनार्थ एक डबा मिळाला. त्यात टॉफ्या होत्या.

चारुदत्तनं पांढऱ्या फलकाचा, बशांचा आणि पोरीचा फोटो काढला आणि गावी पाठवला. लगेच फोन आला.

"हे काय लिवलंय इंग्रजीत?"

"आपला गूळ साखरेसारखाच दात किडवतो, दादा. बरोबरी झाली."

पलीकडं चरकाच्या आवाजावर दिलीपचा आवाज चढला. "अरे, गूळ काय बाटलीत भिजवून, अंड्याचं टरफल घालून तपासायची वस्तू आहे? आपल्या बापानं तपासलं होतं का असलं काही?"

"बापाला शेवटी दात कुठं होते, दादा?"

दिलीपनं फोन ठेवला. नंतर निरोप आला तो एवढाच: खोटं छापत नाही, काळजी करू नको.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी खोकी आली. सुबक, हिरवी, ठसठशीत. नूपुर मराठी अक्षरांवरून बोट फिरवत वाचू लागली. "दा-तां-वर प्र-यो-ग के-ले-ला... एक-मेव गूळ. को-ल-का-ता." तिनं खोकं उलटं करून पाहिलं. "बाबा, पुढचं कुठे आहे?"

"पुढचं काय?"

"प्रयोगात काय झाला ते."

चारुदत्तनं खोकं हातात घेतलं. अधिकाऱ्याच्या नजरेनं त्यानं ते वाक्य तीनदा तपासलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. असं वाक्य आपल्याला वेळेवर सुचलं असतं, तर आपली बढती कधीच झाली असती, असं त्याच्या मनात आलं, आणि दादाचा अभिमान वाटावा की लाज, हे त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलवर संक्रांत होती. जरीच्या साड्या, काळी झबली, हलव्याचे दागिने. तिळगूळ मगदुमांच्याच गुळाचा होता, कारण दुसरा कुणी आणलाच नव्हता, आणि चव तर उत्तमच होती. दाराशी परात घेऊन चारुदत्त उभा होता. मेळाव्याला आलेले ते काका खोकं न्याहाळत पुढं आले.

"काय मगदूम! छापून आलं की! म्हणजे दातांना चांगलाच, नाही का?"

चारुदत्तनं त्यांच्या हातावर वडी ठेवली. मीनाक्षी बघत होती. नूपुर बघत होती.

"प्रयोग झाला, काका. गूळ नापास झाला. गोड लागतो म्हणून घ्या, आणि खाऊन झालं की मागच्या नळावर चूळ भरून या."

"आँ?"

"चूळ. नूपुर, काकांना नळ दाखव."

पुढच्या माणसालाही त्यानं तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या बाईंनाही. पहिल्यांदा लोक हसले, मग गोंधळले, मग सणाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं म्हणून गेले. थोड्या वेळानं हॉलच्या मागच्या बाजूला एकुलत्या एका नळापाशी बँकेचे, पोर्टाचे, लष्कराच्या फोर्ट विल्यमचे सगळे साहेब आणि त्यांच्या बायका पदर सावरत, झब्ब्याच्या बाह्या वर करत, गाल फुगवून रांगेत उभे होते. कुणाला बोलता येत नव्हतं. चारुदत्त परात खाली ठेवून मधूनच तिकडं जायचा आणि कुणी नुसतंच ओठ ओले करून सटकत असेल, तर त्याला परत पाठवायचा.